शिंगाच्या फण्या आणि माझी अर्धी मिशी

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी मिशीकडे जातो. तेव्हा मी लोणावळ्याला फौजदार होतो आणि माझी मिशी अशी, की एक टोक खंडाळ्यात नि दुसरं कुसगावात!

स्टेशनावरच्या एका हमालाने खबर आणली. "सायेब, मुंबईहून आलेल्या एका शेटच्या पेटीवर शिंगाच्या फण्या लिवल्यात, पर वास लय कापराचा येतुया."

बंदरावर शिंगाच्या मालाला जकात कमी, कापूर घालून बनवलेल्या नकली सेल्युलॉइडला जास्त. मी पेटी चौकीत आणवली आणि मुंबईच्या जकात कारकुनाला तार केली. स्टेशनमास्तरने हमालाला बजावलं, "खबर खोटी निघाली, तर बिल्ला काढून घेईन." त्या बिल्ल्यावर त्याचं घर चालत होतं.

शेटजींची मी दोन तास उलटतपासणी केली. गडी हलेना. "कीड लागू नये म्हणून कापूर ठेवला होता, साहेब. कागदावर शिंग, म्हणजे शिंगच!" मुंबईहून आलेला कारकून घड्याळ बघू लागला. हमाल मुठीत बिल्ला घट्ट धरून उभा.

कुरवंड्याचे एक आबा हरवलेल्या बैलाची वर्दी द्यायला आले होते. त्यांना पंच म्हणून बसवलं. पोळ्याला बैलांची शिंगं साळण्यात त्यांची हयात गेलेली. फणी हातात घेत ते म्हणाले, "शिंगाची साल इस्तवावर धरली की जळक्या केसाचा वास येतो. बघू की!"

त्यांनी विळ्याने फणी साळली, चिमूटभर साल आपल्या पेटत्या चिलमीवर टाकली. मी वास घ्यायला वाकलो. भक्क! जाळ थेट आढ्याला!

"आला का केसाचा वास?" शेटजी आनंदाने ओरडले. "शिंगच आहे!"

"आवं शेट, ती सायबाची मिशी जळतीया!" आबा म्हणाले. "शिंग चरचरतं, असं भडकत न्हाई. थांबा, दुसरी फणी बघू." आणि पेटती चिलीम घेऊन ते उघड्या पेटीकडे निघाले.

शेटजी पेटीवर पालथे पडले. "आबा, लांब व्हा! सगळी चौकी पेटेल!"

"शिंगाला एवढं भ्यायचं?" मी विचारलं. कारकुनाने हसत हसत माल सेल्युलॉइडच्या कलमात लिहिला.

तेव्हापासून कागदावर काय लिहिलंय ते मी शेवटी वाचतो. आधी माणूस कशाला घाबरतो ते बघतो. हमालाने बिल्ला सदऱ्यावर पुन्हा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, उरलेली मिशीबी मुद्देमालात जमा करायची व्हय?"