शेजारच्या खुर्चीतली बाई

कापसाच्या त्या वाईट वर्षांत यवतमाळच्या सभागृहात एक प्रायोगिक कवी आला होता. त्याच्या कवितेत शब्दच नव्हते. तो माइकपाशी जोरात श्वास घ्यायचा, कागद चुरगाळायचा, मध्येच लांब हुंकार द्यायचा. निम्मे लोक उठून गेले. मीही वैतागलो. अशा दिवसांत हे थेर कशासाठी?

शेजारच्या खुर्चीवर एक बाई चपला काढून, मांडी घालून बसली होती. कळंबच्या बसला वेळ होता म्हणून भाजीची पिशवी घेऊन आत आलेली. प्रत्येक हुंकाराला ती डोळे मिटून मान हलवायची. एकदा खुदकन हसली आणि लगेच पदराने डोळे पुसले.

"समजलं का काही?" मी खोचकपणे विचारलं.

"नाही ना भाऊ. गावात जो येते तो आमाले समजावूनच जाते. धीर धरा, हे पेरा, ते पेरू नका. यानं नुसतं बसू देलं. लय बरं वाटलं."

आणि पिशवी उचलून ती बसकडे गेली.

मी शिक्षक, समजावण्यावरच माझं पोट. पण त्या बाईच्या कृपेने आता वर्गात एखादी कविता नुसती वाचतो आणि गप्प राहतो. पोरं चुळबुळतात. मागच्या बाकावरची एखादी मात्र डोळे मिटून घेते.

तिला मी काही विचारत नाही.