मशीन वाढव

आमच्या घरात होडीचं मशीन कोणी 'बंद' करत नसे. मशीन 'वाढवायचं'. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान रात्री वाढवतात, बांगडीही वाढवतात. तसंच. 'बंद' हा शब्द होडीत काढला की खरंच बंद पडेल, अशी भीती. मी आमच्या कोळीवाड्यातल्या मुलींमधली पहिली पदवीधर, बी.एस्सी., फिजिक्स घेऊन. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. पण होडीत पाय ठेवला की माझ्याही तोंडात 'वाढव'च यायचं. त्याला फिजिक्सचा इलाज नव्हता.

नव्वदनंतरच्या एका वर्षी होळीच्या आधी माझा भाऊ गेला. कावीळ झालेली, पोटात उतरली. समुद्रानं नेला असता तर बाबांना ते कळलं असतं. हॉस्पिटलच्या खाटेवर गेला, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला रडू आलं नाही. त्याचे दिवस झाले आणि मी वागळे इस्टेटला परत कामावर जायला लागले. आमच्या कंपनीत प्रेशर गेज बनत. ते तपासायचं माझं काम. काटा बरोबर आकड्यावर आला की शिक्का मारायचा, पुढचा घ्यायचा. त्या महिन्यांत मला त्याहून जास्त काही जमलं नसतं.

होडी कोपरीच्या पुढे खाडीवर बांधून पडली. तिच्यातलं मशीन भावानं मुंबईला दारूखान्यातल्या जहाजांच्या भंगारातून आणलेलं, कुठल्याशा तोडलेल्या जहाजाच्या लाइफबोटीचं. त्याला छोटं पॅनल होतं: एक चावी, दोन लाल दिवे, एक भोंगा. एका दिव्याखाली तापमापकाचं चित्र, दुसऱ्याखाली तेलाच्या बुधलीचं. बाबा त्या तेलाच्या दिव्याला किटली म्हणायचे. चावी फिरवली की किटली पेटायची, भोंगा ओरडायचा. मशीन सुरू झालं, आत तेलाला दाब आला, की दोन्ही गप. गप झालं नाही तर मशीन ताबडतोब वाढवायचं. नाहीतर तेलावाचून लोखंडावर लोखंड घासून मशीन जाम होतं, आणि जाम झालं की भंगार.

नारळी पौर्णिमा झाली, सगळ्यांच्या होड्या गेल्या, बाबा गेले नाहीत. शेवटी माझा नवरा म्हणाला, "मी जातो त्यांच्याबरोबर रविवारी." नवरा साताऱ्याकडचा, माझ्याच कंपनीतला. आम्ही डोंबिवलीला राहायचो. त्याला पोहता येत नव्हतं. हे मी आईला सांगितलं नाही.

त्या रविवारी दुपारीच तो घरी परतला. गुडघ्यापर्यंत चिखल.

"काय झालं?"

"तुझे वडील मला म्हणाले वाढव, म्हणून मी वाढवलं."

झालं होतं ते असं. बाबा पुढच्या टोकाला बांबूनं होडी चिखलातून रेटत होते, हा मशीनपाशी. मशीन सुरू झालं, पण भोंगा गप होईना. बाबा तिथून ओरडले, "वाढव! वाढव रं!" समोर दांडी होती, यानं ती पुढे ढकलली. मशीन दणाणलं. बाबा आणखी जोरात ओरडले. यानं आणखी ढकलली. बाबा बांबू टाकून धावत आले आणि त्यांनीच मशीन वाढवलं, म्हणजे आमच्या अर्थानं. मग याच्याकडे न बघता होडी परत बांधली.

"नारळ वाढवतात हे माहीत आहे मला," नवरा म्हणाला. "इंजिन पण?"

मी हसले असते, एरवी.

कोळीवाड्यात ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्यांना कळली. जावयानं मशीन वाढवलं, असं म्हणून बायका मच्छीच्या पाट्या भरता भरता हसायच्या. आई त्यांना म्हणायची, "सातारचा मानूस त्यो. त्याला वाढव म्हनलं तर वाढवनारच. तुमचं जावय तर होडीत चढत पन नाय." बाबा मात्र त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून पडून होते. आईनं मला विचारलं, "गो, मशीन मेलं असंल तर काय करायचं?" दुसरं मशीन येणार नव्हतं. मशीन गेलं तर बाबांचं खाडीवर जाणं संपलं, आणि मग ते त्या भिंतीकडून वळणारच नव्हते. हे तिलाही दिसत होतं, मलाही.

पुढच्या रविवारी मी पिशवीत पक्कड, पाने आणि कंपनीतून साहेबांना सांगून आणलेलं एक गेज घेऊन गेले. नवरा बरोबर. बाबा उठले आणि मागून आले.

आधी तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल पुरेसं, काळंच, पाणी मिसळलेलं नाही. मग मशीन सुरू न करता नुसती चावी फिरवली. किटली पेटली, भोंगा ओरडला, ते बरोबर होतं. मशीनच्या अंगाला तेलाच्या दाबाचा एक बटणाएवढा स्विच असतो. त्याची तार मी उपटली. तार निघाली की दिवा विझायला हवा.

विझला नाही. भोंगा ओरडतच राहिला.

"म्हंजे?" बाबांनी विचारलं. आठवड्यातला माझ्याशी पहिला शब्द.

"म्हणजे तार मध्येच कुठेतरी चिकटली आहे. भोंगा मशीनमुळे ओरडत नाही."

"म्हंजे मशीन चांगलं हाय?"

"तसं मी म्हटलं नाही. मशीनचं अजून बघायचंय."

"सरळ सांग ना गो."

"बाबा, सरळच सांगतेय."

चावी काढली. पॅनलच्या फळीचे स्क्रू सोडले. फळीमागे तारांचा जुडगा होता, भावानं काळ्या टेपनं नीट गुंडाळलेला. त्या टेपमधून खिळ्याचं टोक बाहेर आलं होतं. किटलीची तार आणि तिच्या शेजारची अर्थिंगची तार, दोघींना भेदून. मी फळीच्या पुढच्या बाजूनं पाहिलं. खिळ्यावर भावाचा फोटो होता, पासपोर्टच्या फोटोवरून मोठा केलेला, सुकलेल्या हाराचा.

"हा कधी लावला?"

"त्याच रविवारी, सकाली," बाबा म्हणाले. "त्याला सोडून कसं जायचं?"

नवरा पाण्याकडे बघायला लागला. मला वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. मी म्हटलं, "खिळा तारेत गेलाय. काढायला लागेल." आणि पक्कड पुढे केली. फोटो बाबांनी स्वतः उतरवला. खिळाही त्यांनीच ओढला, हळूहळू हलवत. मी दोन्ही तारा मोकळ्या करून वेगवेगळी टेप मारली.

एवढ्यावर कोणी म्हटलं असतं, झालं. पण दिवा फक्त दाब अगदीच गेला तर बोलतो, कमी असला तर बोलत नाही. म्हणून मी तो स्विच काढून त्या जागी गेज बसवलं. "आता सुरू करा," म्हटलं. बाबांनी मशीन फिरवायचं हँडल नवऱ्याच्या हातात दिलं. स्वतः गेजसमोर उकिडवे बसले.

मशीन दोनदा खोकून लागलं. काटा उठला, जिथे यायला हवा तिथे आला, आणि राहिला. मी मशीन तापेपर्यंत थांबले. तापल्यावर काटा थोडा उतरला, तेवढा उतरतोच, आणि मग जागचा हलला नाही. नवऱ्याला सांगितलं, थोडं वाढव. तो माझ्याकडे बघत राहिला.

"दांडी पुढे कर रे."

त्यानं केली. काटा बरोबर वर गेला.

"बरं हाय," मी बाबांना त्यांच्या भाषेत सांगितलं. "काही झालेलं नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद शोधला तर तो नव्हता. काट्याकडे बघत ते म्हणाले, "मग जायला लागंल."

"हो."

"मना वाटलं, मेलं."

मी गेज उतरवलं, स्विच लावला, तार जोडली, चावी फिरवून दाखवली. किटली पेटली, भोंगा ओरडला, मशीन लागलं, दोन्ही गप. बाबांनी फोटो शर्टाला पुसला आणि माझ्याकडे दिला. "घरी ने. हितं खारं लागतं त्याला." मग आठवडाभरानं पहिल्यांदा जावयाशी बोलले. "भरती लागलीय. दोर सोडा."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी उचलून चिखलात उतरले. त्यानं दोर सोडला.

होडी वळणापर्यंत दिसली. मग नुसता आवाज, मग तोही नाही. मी फोटो आणि पिशवी घेऊन घरी आले. रॉकेलनं हात धुतले, तेल निघेना म्हणून पुन्हा धुतले. आई चुलीपाशी होती.

"गेली काय होडी?"

"गेली."

तिनं मला वाढलं. मग फळीवरून दोन ताटं काढली, भात आणि बोंबलाचं कालवण घातलं, आणि वर दुसरी ताटं झाकून भिंतीशी सरकवून ठेवली, पूर्वी बाबांचं आणि भावाचं ठेवायची तशी.