चमक हटाके

कोणतीही वस्तू हातात आली की ते आधी तिला उलटी करायचे. मिक्सर असो, इस्त्री असो, नाहीतर गल्लीतल्या कोणाच्या नव्या सुनेने माहेरून आणलेला फोन असो. बुडावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची, कान देऊन ऐकायचं आणि दुकानात असले की दुकानदाराकडे वळून म्हणायचं, "भैया, चमक हटाके दाम बोलो." बालाघाटच्या मेन रोडवरचे दुकानदार त्यांना या एका वाक्यावरून ओळखत. काही त्यांना लांबून बघूनच हसायला लागत, काही गुपचूप आत निघून जात.

ते आमचे शेजारी आणि आमच्या ह्यांचे ऑफिसातले सोबती. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी. गल्लीत कोणाला साधा पंखा जरी घ्यायचा असला तरी भाऊजींना बरोबर नेल्याशिवाय कोणी दुकानाची पायरी चढत नसे. असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल, ज्याला दुसऱ्याच्या खिशाची काळजी स्वतःच्या खिशापेक्षा जास्त. कंजूष म्हणाल तर मुळीच नव्हते. लग्नकार्यात सढळ हाताने द्यायचे. पण रूपाचे पैसे द्यायचे म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "रूप काय चाटाचं हाय, वहिनी?" हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं, देव जाणे.

त्यांच्या घरचा मिक्सर म्हणजे पाण्याची मोटरच. करड्या रंगाचा, चौकोनी, बसका. तो सुरू झाला की आख्ख्या गल्लीला कळायचं, आज भाऊजींकडे चटणी आहे. पण बंद पडेल तर शपथ. आणि माझा देखणा मिक्सर दोनदा दुरुस्तीला गेला. शिवाय मी हौसेने एक विजेची किटली आणली होती, काय तिचा रंग, काय तिची मान! पाण्याबरोबर तिचा दांडाही तापायचा. भाऊजी येता-जाता विचारायचे, किटली बरी हाय ना? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी म्हणायची, सकाळी उठून पहिली नजर जिच्यावर पडते ती वस्तू डोळ्यांना बरी वाटत असेल, तर तिचे चार पैसे जास्त का देऊ नयेत? ते म्हणायचे, डोये मिटून चहा प्या, चव तीच लागन.

भांडण किटलीपुरतं होतं तोवर गंमत होती.

रेणू त्यांची एकुलती एक. बारावीत मोठं आजारपण काढलं आणि त्यानंतर तिचं ऐकणं कमी होत गेलं. आधी वाटलं, पोरीचं लक्ष नसतं. मग गोंदियाला नेऊन कान तपासले, मशीन लावायला सांगितली. भाऊजी मशीन घेऊन परतले ते घरी जायच्या आधी आमच्या ओट्यावर थांबले. चेहऱ्यावर जिंकून आल्याचा आनंद. तिथे दोन मशीनी दाखवल्या होत्या म्हणे. आवाज दोन्हींचा सारखा, हे त्यांनी विकणाऱ्याकडूनच कबूल करून घेतलं होतं. एक छोटी, सुबक, कानाच्या वळणात बसणारी. तिचे जास्तीचे पैसे नुसते रूपाचे. म्हणून त्यांनी दुसरी आणली. डबी उघडून दाखवली तर मळकट गुलाबी, जाडजूड, कानामागे डिंकाचा लाडू चिकटवावा तशी.

माझा तोल गेला. म्हटलं, "भाऊजी, कान पोरीचा आहे. कूलर घ्यायला गेला नव्हता तुम्ही."

ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. मशीन ऐकायला असते, मिरवायला नाही, एवढं बोलून निघून गेले. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं तुटलं. नुसते आमच्या ह्यांच्यामार्फत निरोप.

रेणू रोज मशीन लावून कॉलेजला निघायची. पण तिच्या मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. हाक मारली तर नुसती हसून पुढे जायची, नाही म्हणायचं तिथे हौ म्हणायची. कॉलेज सोडते असा तिने हट्ट धरला. भाऊजींना वाटलं, मशीनचा आवाज कमी पडतो. गोंदियाला जाऊन तो वाढवून आणला. पोरगी दिवसेंदिवस मिटत चालली होती आणि आमचा अबोला काही सुटत नव्हता. मला तर रात्रंदिवस तेच डोक्यात.

धानाचे दिवस होते. मी बाजारातून पिशव्या घेऊन येत होते, तर भाऊजींनी स्कूटर थांबवली. बसा म्हणाले. मीही मुकाट बसले. राईसमिलच्या वळणावर रेणू पुढे पायी जाताना दिसली. मिलच्या फाटकातून धानाच्या पोत्यांचा ट्रक रिव्हर्समध्ये मागे येत होता. हॉर्न वाजत होता, हमाल ओरडत होते, आणि ट्रककडे पाठ करून ही आपली ओढणी सावरत चाललेली. भाऊजींनी स्कूटर तिथेच टाकली. मी पिशव्यांसकट रस्त्यावर. ते तिच्या नावाने ओरडत धावले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. रस्त्यावरचं प्रत्येक माणूस वळून बघायला लागलं, एक रेणू सोडून.

एका हमालाने पाठीवरचं पोतं टाकलं आणि तिला दंडाला धरून ओढलं. चप्पल जागेवरच राहिली. ट्रकचं चाक त्या चपलेवरून गेलं.

भाऊजी पोचले. त्यांनी तिच्या कानावरचे केस बाजूला केले. कान रिकामा होता. मशीन पर्समध्ये, डबीत. मला वाटलं, आता हात उचलतात. मी मध्ये पडायच्या तयारीने उभी राहिले. त्यांनी तिला ओठ दिसतील असं आपलं तोंड तिच्या तोंडासमोर नेलं.

"काहून काढली?"

"लावली का सारे माह्या कानाकडेच पायतात, बाबा," रेणू म्हणाली. "माह्याकडे कोणीच नाही पायत. मंग ऐकून काय करू?"

खाली वाकून भाऊजींनी ती चपटी झालेली चप्पल उचलली आणि तशीच हातात धरून घरापर्यंत चालत आले. स्कूटर नंतर आमच्या ह्यांनी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. "वहिनी, गोंदियाले तुमीही चाला. मले रूपातलं समजत नाही."

तिथे विकणाऱ्याने समोर ट्रे ठेवला. भाऊजींनी सर्वांत लहान, कातडीच्या रंगाची मशीन निवडली. कोणाले दिसनच नाही, म्हणाले. रेणूने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने गडद लाल रंगाची उचलली, मोठी सुरेख, तुकतुकीत.

"लाल काहून? दिसन ना," भाऊजी घाबरून म्हणाले.

"दिसू द्या. कानातलंच हाय."

भाऊजींनी ती हातात घेतली. सवयीने उलटी केली. बोटाचं पेर उचललं. माझा जीव टांगणीला लागला. आता हा माणूस ते वाक्य बोलणार आणि पोरीचं मन कायमचं मोडणार. रेणू त्यांच्या ओठांकडेच बघत होती. पेर थोडा वेळ तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी टकटक न करताच मशीन तिच्या तळहातावर ठेवली.

"भैया," ते म्हणाले, "चमक के साथ दाम बोलो."

मला तिथेच रडू कोसळलं. लाज कसली त्यात?

आता तुम्हाला वाटेल, भाऊजी बदलले. कसले बदलतात! पुढे आमच्यासोबत फ्रिज घ्यायला आले, तर काचेच्या दाराचा फ्रिज ठोकून पुन्हा तेच, चमक हटाके. मी टोचलं, गोंदियात काय झालं होतं? तर म्हणाले, "फ्रिजकडे कोणी नाही पायलं तर तो रडत बसत नाही, वहिनी."

रेणूचं कॉलेज पूर्ण झालं. किरनापूरला शाळेत शिकवते, केस मागे घट्ट बांधते, लाल मशीन लांबून दिसते. मागच्या उन्हाळ्यात भाऊजी गेले. ऑफिसातून आले, चहा मागितला, आणि चहा यायच्या आतच गेले.

सुट्टीत रेणू आईकडे येते. आई नवा मिक्सर घेऊ म्हणते, तर ही ऐकत नाही. चटणी वाटायची असली की आधी कानातली मशीन काढून खिडकीत ठेवते, नाहीतर तो आवाज तिला सोसत नाही. मग भाऊजींच्या त्या करड्या मिक्सरच्या झाकणावर तळहात ठेवते आणि बटन दाबते. आख्खी गल्ली दणाणते. तिला एकटीला ऐकू येत नाही. ती झाकणाची थरथर तळहातात घेत उभी असते. चटणी कधीचीच बारीक झालेली असते, तरी ती बटन बंद करत नाही.