पारा आत गेलाच नव्हता

"ही बॅच फेकून द्या आणि म्हात्रेंचं सेक्शन बंद करा," मॅनेजरसाहेबांनी सकाळी सकाळी फर्मान काढलं. साठच्या दशकातली गोष्ट. पनवेलहून आपट्याकडे जाताना आमचा छोटा कारखाना होता आणि लॅबोरेटरी माझ्याकडे होती.

आम्ही सिलिका जेल बनवायचो. म्हणजे वाळूच्याच जातीचा खडा, पण आत भोकंच भोकं. उलव्याच्या म्हात्रेंनी त्याचा नवा प्रकार जमवला होता, तळहातावर ठेवला तरी जाणवू नये इतका हलका. गिऱ्हाइकाला भोकं अगदी बारीक हवी होती आणि आमचं मशीन म्हणत होतं, मोठाली आहेत.

मशीनचं काम सोपं. नमुन्याभोवती पारा भरायचा आणि दाब वाढवत न्यायचा. मोठ्या भोकात पारा थोड्या दाबानेही शिरतो, बारीक भोकाला जबर दाब लागतो. भांड्याला जोडलेल्या नळीतला पारा जेवढा उतरेल तेवढा आत शिरला असं धरायचं. इथे तर तो सुरुवातीलाच भराभर उतरला. झालं, साहेबांचा निकाल तयार!

म्हात्रे माझ्याकडे आले. "बाई, माजं सोडा. पन माज्या हाताखालच्या मानसांनी कुठं जायाचं? येकदा परत बघा."

मला वाईट वाटलं आणि साहेबांचा रागही आला. टेस्ट परत लावली. आकडे तेच.

पाऱ्याची वाफ वाईट, म्हणून तपासलेला नमुना आम्ही चिमट्याने थेट पाण्याच्या बरणीत टाकायचो. त्याचं तोंडही कुणी बघत नसे. या वेळी बरणीत टाकण्याआधी मी बघितलं. खडा पांढराशुभ्र, पण आक्रसून निम्मा झालेला. तराजूत घातला तर वजन जेवढ्यास तेवढं. पाऱ्यासारखी जड वस्तू आत शिरली असती तर काटा हलला नसता का? पाऱ्याने खडा नुसता बाहेरून चेपला होता, मुठीत पाव चेपावा तसा. खडा लहान झाला, जागा झाली, नळीतला पारा उतरला.

साहेबांच्या टेबलावर दोन खडे ठेवले, एक टेस्टच्या आधीचा, एक नंतरचा.

"म्हणजे मशीन खोटं बोलतं?"

"मशीन फक्त पारा उतरला म्हणतं, साहेब. शिरला हे आपण म्हणतो."

मग नमुना मुंबईच्या एका लॅबमध्ये पाठवला. तिथे अतिथंड केलेला नायट्रोजन वायू भोकांच्या भिंतींवर किती चिकटतो ते मोजतात, त्यात खडा चेपत नाही. भोकं हवी तशी बारीक निघाली. माल गेला आणि सेक्शन वाचलं.

रिपोर्टात कारण काय लिहायचं, साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "लिहा, नको तेवढा दाब दिला की नमुना आक्रसतो, आतलं काही सांगत नाही."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. शेजारी उभे असलेले म्हात्रे खिडकीबाहेर बघून हसत होते.