दोन जिन्यांची दंडसंहिता

आमच्या तळमजल्यावरचे काका हे जगातले एकमेव गृहस्थ असतील, ज्यांच्याशी बोलायला जाण्याआधी मुळाक्षरांची उजळणी करावी लागे. पस्तीस वर्षं कोर्टात कारकुनी करून, दुसऱ्यांनी दिलेले निकाल सुवाच्य अक्षरात उतरवून ते निवृत्त झाले, नेरूळला आमच्या नव्या इमारतीत राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या जगाचा ज्ञानकोश एकट्याने लिहायला बसले. एक अक्षर संपलं की त्या वहीला कापडी पुठ्ठा चढे आणि ते अक्षर कायमचं बंद. मागच्या अक्षरात परत जाणं नाही, पुढच्याची घाई नाही. मी सोसायटीची सेक्रेटरी, हातात कायम कामांच्या यादीची डायरी. एकदा पाण्याचा पंप बिघडला म्हणून त्यांची सही मागायला गेले, तर म्हणाले, "सेक्रेटरीबाई, मी अजून त मध्ये आहे. पंपाला अवकाश आहे." काकू आतून ओरडल्या, "अहो, त मध्ये तहान येते ना? मग करा सही!" काकांनी तत्काळ सही केली. मुद्द्याचं बोलणाऱ्यापुढे ते नेहमी हरत आणि हरल्यावर खूश होत.

द लागला आणि गडबड सुरू झाली. 'दंडसंहिता' ही नोंद लिहिताना त्यांच्या लक्षात आलं, की जन्मभर आपण दुसऱ्यांच्या कलमांच्या नकला केल्या, स्वतःचं एकही कलम नाही. आठ दिवसांत त्यांनी आमच्या इमारतीसाठी नवी फौजदारी संहिता लिहून काढली. कलमं नऊ. कुंड्यांना पाणी घालताना ते खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सांडणे. शेजाऱ्याचा पेपर आधी वाचून भलत्याच घडीने परत ठेवणे. केबलवरच्या सिनेमाचा आवाज भिंतीपलीकडे पाठवणे (केबल तेव्हा नवीनच आली होती आणि हा गुन्हा सर्रास होता). कलम पाच, शेजाऱ्याकडून आणलेली वस्तू तीन महिन्यांत परत न करणे. प्रत्येकाला वेगळी शिक्षा. काकांकडे बसून कोश ऐकणे ही शिक्षा ठेवावी, असं मी सुचवलं, तर ते दुखावल्यासारखे म्हणाले, "ते बक्षीस आहे."

नाव ठरायला तीन आठवडे लागले. 'गृहसंहिता' हे नाव बरं होतं, पण ग ला पुठ्ठा चढलेला. 'नेरूळ संहिता' भारदस्त होतं, पण न अजून लांब. "नेरूळभर कोण ऐकणार तुमचं?" काकू म्हणाल्या. "आपल्या दोन जिन्यांत ऐकलं तरी मी पेढे वाटीन." काकांनी पेन उचललं आणि नाव मिळालं. सर्वसाधारण सभेत संहिता एकमताने मंजूर झाली, कारण बटाटेवडे थंड होत होते. त्याच संध्याकाळी काकांनी मला नोंद वाचून दाखवली. "दोन जिन्यांची दंडसंहिता. नेरूळ येथील एका इमारतीत लागू असलेली फौजदारी संहिता. भाषा मराठी, भांडणे हिंदीतही. अंमल..." इथे ते थांबले. पुढे अर्धं पान कोरं होतं.

"कायदा मंजूर झाला म्हणजे अस्तित्वात आला असं नाही," ते म्हणाले. "एक तरी खटला लागतो. कोशात मी नुसत्या कागदावरच्या गोष्टी घेत नाही."

आणि नेमकी तेव्हाच इमारत सुधारली! कुंड्यांखाली ताटल्या आल्या, पेपर इस्त्री केल्यासारखे परत येऊ लागले. काकांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. त्यातच नागपूरच्या मुलाने दोघांना कायमचं बोलावून घेतलं. टेम्पोचा दिवसही ठरला. एकदा इथून गेल्यावर इथला गुन्हा काका बघणार कसे, आणि ऐकीव गोष्ट लिहायची नाही ही त्यांची शपथ. म्हणजे नोंद कायमची अर्धवट. आमचा पंपवाला इथल्याच गावचा. तो म्हणाला, "काका, पानी टायमावर हाय, भांडन नाय, आनि तुमी तोंड पाडून बसलाव?" मी त्या आठवड्याच्या यादीत लिहिलं: एक, गच्चीचं डांबर. दोन, जिन्यातले दिवे. तीन, काकांसाठी एक गुन्हा.

तिसरं काम मीच अंगावर घेतलं आणि सकाळी वरच्या मजल्यावरच्या माझ्या कुंडीत तांब्याभर पाणी जास्त ओतलं. खालून ओले काका वर बघत म्हणाले, "बाई, चुकून की मुद्दाम?"

"मुद्दाम. तुमच्यासाठी."

"मग हा उपकार झाला. गुन्हा नाही." आणि टॉवेल शोधायला आत गेले.

टेम्पो दारात उभा राहिला त्या सकाळी मी सामान बांधायला गेले. काकूंनी वह्यांचा गठ्ठा उचलला आणि खालून एक लाकडी फूटपट्टी निघाली. मागे शाईने माझं नाव. दोन वर्षं माझ्या डायरीत दर महिन्याला एक ओळ पुढे सरकत होती, "काकांकडून फूटपट्टी". मागायचा धीर होत नव्हता, कारण कोशातला प्रत्येक समास ते तिनेच आखत होते. काकांनी पट्टी हातात घेतली, डायरी पाहिली, महिने मोजले. आधी ते लाजेने लाल झाले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की काकूंना वाटलं रक्तदाब वाढला.

"कलम पाच! गुन्हा कबूल!"

खटला जिन्यातच उभा राहिला. पंपवाला साक्षीदार. "मी बघितलंय, पट्टी बाईंचीच हाय." शिक्षा काकांनी स्वतःच वाचली: वस्तू परत करणे, आणि जितके महिने ती ठेवली तितके महिने आपली सर्वांत आवडती वस्तू फिर्यादीकडे ठेवणे. बांधलेल्या पेटीवर बसून त्यांनी कोरं अर्धं पान भरलं, शाई वाळू दिली आणि द ची वही माझ्या हातात ठेवली.

"काका, राहू द्या हो," मी म्हणाले.

"राहू द्या कसं? संहिता लागू आहे." टेम्पोत ते एखाद्या सुटलेल्या निर्दोष माणसासारखे हसत बसले होते.

नागपूरहून कार्डं येत. "ध झाला." "न मोठा आहे." "पंपाची नोंद घेतली, सेक्रेटरीबाईंना कळवणे." शेवटचं कार्ड भ चं होतं, अक्षर काकूंचं. यांचे डोळे दमलेत, मी वाचते-लिहिते, ते सांगतात, असं लिहिलं होतं.

शिक्षेचे महिने केव्हाच संपले, वर आणखी तीन महिने उलटून गेले. पार्सल करायला कापड आणून ठेवलंय, पत्ता लिहून ठेवलाय, यादीतली ओळ दर महिन्याला मी पुढे सरकवते. आता कलम पाचची गुन्हेगार मीच आहे. आणि दुरून ऐकलेल्या गुन्ह्याची नोंद काका घेत नाहीत. त्यांना यावंच लागेल.