दंडाचं माप

इंद्रायणी भोंडवे चिंचवडच्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात आहारतज्ज्ञ आहे. मूळची पुनावळ्याची. तिच्या खिशात पेनाशेजारी नेहमी एक मोजपट्टी असते. विभागात मूल दाखल झालं की पहिल्याच दिवशी ती त्याच्या दंडाचा घेर मोजते. सुरुवातीला सगळ्यांना तो तिचा छंद वाटायचा.

गेल्या वर्षी चाकणहून चार वर्षांची दिव्या आली. न्यूमोनिया इतका वाढला होता की तिला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. वडील नवनाथ मूळचे बीडकडचे, चाकणला एका कंपनीत कामाला. घरी बायको बाळंतीण, म्हणून दिवसभर तेच बाहेरच्या बाकावर बसायचे. दिव्याला नाकातल्या नळीतून दूध सुरू झालं.

सहाव्या दिवशी निवासी डॉक्टर निरंजन खुशीत म्हणाले, "वजन आठशे ग्रॅमनं वाढलंय. दूध मानवतंय तिला."

इंद्रायणीला हे पटेना. इतक्या आजारी मुलीचं वजन पाच-सहा दिवसांत एवढं वाढेल कसं? तिनं दिव्याच्या पायावर बोट दाबलं. तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. पापण्याही फुगलेल्या होत्या. दंडावर मात्र सूज नव्हती. तिनं पट्टी लावली. पहिल्या दिवशी एकशे एकोणतीस मिलिमीटर भरलेला दंड आता एकशे बावीसवर आला होता.

"वाढलंय ते पाणी आहे," ती म्हणाली. "मुलगी आतून उतरतेय."

"पण दिवसाला आठशे मिली दूध लिहून दिलंय आपण."

"लिहून दिलंय. जातं किती?"

निरंजन यांनी फाइल चाळली. गेलेल्या दुधाची नोंदच त्यात नव्हती.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं वडिलांना, सोपानरावांना विचारलं, "दादा, गोठ्यात जनावर खंगलंय हे तुम्हाला कसं कळायचं?"

"पोट बघून न्हाई कळत," ते म्हणाले. "पोट फुगल्यालं बी असतंय. आमी पाठीवरनं हात फिरवायचो. हाडं लागली की समजायचं."

पुढचे दोन दिवस ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिव्याच्या खाटेजवळ वही घेऊन उभी राहिली. रात्रीच्या शिफ्टची नोंद प्राजक्ता सिस्टरनी ठेवली. दुधाचा पंप किती वाजता थांबला, का थांबला, पुन्हा कधी लागला, सगळं लिहिलं. एक्स-रेसाठी पंप थांबला. छातीच्या व्यायामासाठी थांबला. सोनोग्राफीसाठी चार तास उपाशी ठेवलं, पण सोनोग्राफीला उशीर झाला, मधे शिफ्ट बदलली आणि पंप सुरू करायचं राहूनच गेलं. प्रत्येक वेळचं कारण योग्य होतं. बेरीज केली तेव्हा दिवसाला आठशेपैकी जेमतेम पावणेचारशे मिली पोटात गेलं होतं.

"म्हणजे आम्ही पोरीला उपाशी ठेवलं म्हणायचं का?" निरंजन दुखावून म्हणाले.

"कुणा एकानं नाही ठेवलं. म्हणूनच कळलं नाही," इंद्रायणी म्हणाली.

विभागप्रमुख डॉ. अरुंधती यांनी वही दोनदा वाचली. पंपावर एक कागद लावायचं ठरलं: कुणी थांबवला, पुन्हा केव्हा लावायचा. बुडालेलं दूध उरलेल्या तासांत, झेपेल तेवढ्या वेगानं भरून काढायचं. पहिल्याच दिवशी त्या कागदावर सगळ्यात जास्त सह्या निरंजन यांच्या होत्या.

अकराव्या दिवशी दिव्याचा व्हेंटिलेटर निघाला. तेवढ्यात नवनाथ घाबरून आले. "म्याडम, वजन कमी झालंय म्हनं. लेकरू खचत चाललंय का ओ?"

इंद्रायणी त्यांना खाटेजवळ घेऊन गेली. "सूज उतरली, म्हणून काटा खाली आला. हे बघा." तिनं त्यांच्या हातात पट्टी दिली. त्यांनीच माप घेतलं. एकशे बावीस. सहाव्या दिवशी होतं तेच.

"म्हंजी वाढलं न्हाई?"

"अजून नाही. पण उतरायचं थांबलंय."

दोन महिन्यांनी दिव्या तपासणीला आली तेव्हा दंड एकशे चौतीस भरला. तिनं पट्टी ओढून घेतली आणि स्वतःच्या डोक्याभोवती गुंडाळली.

सगळे खूश होते. इंद्रायणीच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. "मॅडम, ती दुधानं सावरली की औषधानं?" तिनं डॉ. अरुंधतींना विचारलं.

"एका मुलीवरून नाही सांगता येणार."

मग इंद्रायणीनं दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद सुरू केली: पहिल्या दिवशीचा दंड, लिहिलेलं दूध, खरंच गेलेलं दूध, व्हेंटिलेटरचे दिवस. आजवर त्रेसष्ट मुलं झाली. कमी दूध मिळालेली मुलं व्हेंटिलेटरवर जास्त दिवस अडकतात असं दिसतंय. पण जास्त आजारी असतात म्हणूनच त्यांचं दूध वरचेवर थांबतं, असंही असेल. शिवाय देहूचा एक गुबगुबीत मुलगा आठवड्यात दंडाला सगळ्यांत जास्त उतरला. का, ते तिला अजून कळलेलं नाही. त्याच्या नावापुढे तिनं प्रश्नचिन्ह काढलंय आणि सध्या ती त्या उत्तराच्याच मागे आहे.