तीन प्रोब, एक माग

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तीन प्रोब ओळीने मांडले तेव्हा बायको म्हणाली, "तिन्ही एकच काम करतात ना? मग उरलेले दोन कुणासाठी?"

प्रश्न रास्त होता. प्रोब म्हणजे कॉम्प्युटर आणि मायक्रोकंट्रोलर यांच्या मधली छोटी डबी. तिच्यातून चिपमध्ये प्रोग्रॅम भरता येतो आणि चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत काय चाललंय तेही बघता येतं. माझा पहिला प्रोब पेनड्राइव्हसारखा, स्वस्तातली नक्कल. दुसरा एका डेव्हलपमेंट बोर्डाच्या कडेचा, मी करवतीने कापून वेगळा केलेला. तिसरा महागाचा. त्याच्यात कॉम्प्युटरची बाजू आणि बोर्डाची बाजू यांच्यात विजेचा थेट संबंध नसतो.

ही तुलना हौसेची नव्हती. अंजूर गावच्या माझ्या शाळासोबत्याने स्वतःच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली तरी भिवंडीतले वडिलांचे यंत्रमाग विकले नाहीत. त्यातल्या एका मागावर त्याने माझा बोर्ड बसवून घेतला होता. बोर्डाचं काम साधं: आडवा धागा तुटला की माग थांबवायचा. पण धागा शाबूत असतानाही तो थांबवू लागला.

"काय रं इंजिनेर," सोबत्याचा फोन आला, "तुजा यंतर माज्या कारीगरापेक्षा जास्त चाय प्यायला थांबतं. या आठवड्यात नीट जालं त सगल्या लूमना लावतू. न्हाय त काढून ने."

म्हणून आधी हत्यार पारखून घेत होतो. प्रत्येक प्रोबने तोच प्रोग्रॅम पन्नास वेळा भरला. महागडा सर्वांत जलद, पण फरक एका शिंकेइतका. जोडणी एकाचीही तुटली नाही. आकड्यांचा मान राखून मी स्वस्तातला खिशात टाकला.

कारखान्यात गेलो तो शुक्रवारी. त्या दिवशी आठवड्याची सुट्टी, माग बंद, बोललेलं ऐकू येतं, मांडी घालून बसायला जागा मिळते. कारीगराने माझ्यासाठी तेवढा एक माग चालू करून दिला. तो दुपारभर एकदाही उगाच थांबला नाही. मी खूश होऊन घरी आलो.

शनिवारी सकाळीच फोन. पुन्हा तेच.

"काल तर नीट चालला होता," मी म्हणालो.

"शुक्रवारी तपासलंस?" तो हसायला लागला. "अरं, शुक्रवारी माजा बापूस पन शांत असायचा."

मी तिन्ही प्रोब आणि लॅपटॉप पिशवीत घातले आणि सगळे माग खडखडत असताना जाऊन बसलो. शेजारच्या मागाची मोटर चालू झाली आणि स्वस्तातला प्रोब लॅपटॉपवरून गायब झाला. पुन्हा जोडला, पुन्हा गायब. कापून काढलेल्याची वायर आखूड केली तर तो जरा तग धरायचा, पण नेमका मोक्याच्या क्षणी सुटायचा. महागडा मात्र चिकटून राहिला. घरी शिंकेएवढा वाटलेला फरक इथे सबंध कामाएवढा निघाला.

त्याच्यातून दिसलं ते असं: शेजारची मोटर सुरू होताना लाइनचा दाब खाली जायचा, चिप बंद पडून पुन्हा उठायची, आणि उठल्यावर पहिलं काम म्हणून माग थांबवायची. सुरक्षिततेसाठी तसं मीच लिहिलेलं होतं. धाग्याचा यात काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी बोर्डाच्या सप्लायला थोडी वीज साठवून ठेवणारा मोठा कपॅसिटर लावला, म्हणजे तेवढा झोका चिपपर्यंत पोचू नये. मग शेजारचे माग मुद्दाम एकेक करून बंद-चालू करायला लावले. कारीगर वैतागला, पण बोर्डाचा माग चालत राहिला. सोबती हाताची घडी घालून उभा होता.

चहा आला आणि माग थांबला.

सोबत्याने भुवई वर केली. कारीगराने आडवा धागा नेणारा धोटा बाहेर काढला, कापडाच्या कडेशी वाकून बघितलं आणि म्हणाला, "धागा टूटा है, सेठ."

सोबत्याला ते पुरेसं वाटलं नाही. तो स्वतः वाकला, तुटलेलं टोक चिमटीत धरून उजेडाकडे नेलं, नीट पाहिलं. मग पेला खाली ठेवून त्याने शेजारच्या मागाकडे बोट केलं.

"आता त्याला लाव."